मेर सोडायची असते

चिखलाची मला लहानपणापासून किळस आहे. शेतातल्या चिखलाचं एवढं काही नाही, तो दोन तांबे पाण्याने जातो. मी खाडीच्या चिखलाबद्दल बोलते आहे. काळा, साबणासारखा बुळबुळीत, आणि वास असा की नासकं अंडं बरं वाटावं. नखांत बसला की चार दिवस भाकरीच्या घासालाही तोच वास येतो. आई म्हणायची, सवय होईल. मला कधी झाली नाही.

आमचं गाव पेण तालुक्यातलं, अंबा नदी खाडी होऊन ऐसपैस पसरते त्या अंगाचं. गावाची सगळी भातशेती खाऱ्या जमिनीत. कुणा पूर्वजांनी खाडीत मातीचा बांध घातला आणि आतली जमीन तिच्याकडून काढून घेतली. बांधाच्या अलीकडे भात आणि पलीकडे भरती. उधाणाच्या दिवशी बांधावर उभं राहिलं तर पलीकडचं पाणी अलीकडच्या भातापेक्षा उंच दिसायचं. पाहुणे घाबरायचे. आम्ही त्यावर बसून बोरं खायचो.

हा बांध राखणं गावाचं काम होतं. होळीनंतर अष्टमीच्या आसपास खाडीला भांग असतो, म्हणजे भरती फारशी चढत नाही. त्या दिवसांत ओहोटी लागली की घराघरातून माणसं निघायची. या सामाईक कामाला आमच्याकडे जोळ म्हणतात. पुरुष खाली उतरून फावड्याने चिखलाच्या ढेपा कापायचे, आणि बायका-पोरींची ओळ त्या हातोहात बांधावर चढवायची. मी आई आणि काकूच्या मधे उभी असायचे. ढेप पोटाशी घ्यायची, वळायचं, पुढे द्यायची. फ्रॉकच्या पुढच्या भागाची पार घाण व्हायची. पायाखाली कालवांच्या कवच्या कापायच्या, निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते मासे, टुणकन उडून पोटरीला लागायच्या. एकदा मी त्या ओळीतच ओकले. सगळी ओळ हसली, काकूने पदराने माझं तोंड पुसलं, आणि पदरालाही तोच चिखल होता.

वडिलांचे या कामाचे नियम होते. माती बाहेरून, खाडीच्या अंगाने घ्यायची. शेतातून घेतली तर शेत खोल जातं आणि मग त्याला कुणी भरून देत नाही. बाहेरचा खड्डा मात्र भरती येता-जाता आपल्या गाळाने भरते. पण खड्डे सलग खणायचे नाहीत. दहा पावलं खणायचं, दोन पावलं तशीच ठेवायची, पुन्हा दहा पावलं. मधल्या त्या न खणलेल्या पट्टीला मेर म्हणत. शेतातल्या छोट्या बांधालाही मेरच म्हणतात, तोच शब्द. असं का, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "मेर सोडायची असते." पुढच्या वर्षी ते आदल्या खड्ड्यांत उतरून पायाने बघायचे. पाय पोटरीपर्यंत रुतला तर गाळ येतोय. पाय तळाला टणक लागला तर पाणी माती नेतंय, तिथे पुन्हा हात लावायचा नाही. दादा, माझा मोठा भाऊ, त्यांच्या मागोमाग उतरायचा. मी वर उभी राहून नाक धरायचे.

सहावी-सातवीत असेन, परीक्षेत प्रश्न आला, खाजण म्हणजे काय? मला वाटलं, हे तर घरचंच. मी लिहिलं, बांध फुटून खाडीचं पाणी शिरलं की शेताचं खाजण होतं. गुरुजींनी त्यावर लाल फुली मारली. बरोबर उत्तर फळ्यावर होतं: वाळूच्या दांड्यामागे समुद्राचं पाणी अडून तयार झालेलं उथळ सरोवर. इतर कुणी रडलं असतं. मला बरं वाटलं. आमच्या घाणेरड्या शब्दाचा इतका स्वच्छ अर्थ असू शकतो, त्यात वाळू आणि सरोवर असू शकतं, याचा मला आनंदच झाला. फुली मारलेला पेपर दादाने पाहिला आणि म्हणाला, गुरुजी कुठले गो हे?

तो स्वच्छ अर्थ धरून मी गावातून बाहेर पडले. भूगोलात पदवी घेतली, लग्न होऊन रोह्याला आले आणि तिथल्या शाळेत भूगोल शिकवू लागले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, पांढऱ्या फरश्या. मी त्या दिवसातून दोनदा पुसते, यावरून नवरा अजून चिडवतो. वारा फिरला की रोह्यात कधी कधी कंपन्यांचा वास येतो, पण तो नखांत बसत नाही, एवढं मी त्याला माफ केलं.

वर्गात मी परातीत प्रयोग दाखवते. परातीत वाळू पसरायची, एका टोकाने तांब्याने पाणी सोडायचं. उतार जास्त तिथे पाणी वाळू उचलतं, उतार संपला की टाकून देतं. नदीची मुखं, पुळणी, वाळूचे दांडे, सगळी किनाऱ्याची रूपं या उचलण्या-टाकण्यातून होतात. वाळू मी अलिबागहून आणते, चाळून, धुऊन. वही काढा म्हणते आणि दरवर्षी तेच वाक्य सांगते: प्रवाहाचा वेग मंदावला की वाहून आणलेल्या गाळाचे संचयन होते. हे वाक्य मला झोपेतही येईल. त्या परातीत खाडीचा चिखल घालून बघावं असं इतक्या वर्षांत माझ्या मनात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. गावातली जोळ तोवर मोडलेली होती. तरुण माणसं नागोठण्याच्या बाजूला कंपन्यांत शिफ्ट करायची, ढेपा द्यायला ओळ कुठून उभी राहणार? बांध खचत होता. आणि खचला तर पहिलं जाणार ते दादाचं शेत, कारण ते बांधाला लागून आहे. वडिलांनी ठेवलेलं तेवढंच. आता बांध उंच करायची योजना मंजूर झाली होती, ठेकेदार पोकलेन घेऊन आला होता आणि आठवडाभरापूर्वी नमुना म्हणून त्याने बांधाच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाने, मातीसाठी लांबलचक चर खणून दाखवला होता. एकही मेर न सोडता. दादा त्याच्याशी भांडून थकला होता. "एकदा ये गो," तो म्हणाला. "तू शिकलेली हाय. तुझं ऐकतील."

मी रविवारी एसटीने गेले. नवी साडी नेसून गेले, हे मला नीट आठवतं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेही झालं.

बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती. ठेकेदाराने माझ्यासाठी खुर्ची मागवली, थंड पेयाची बाटली हातात दिली. मॅडम भूगोलाच्या आहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मला ते आवडलं. आज त्याची आठवण झाली की स्वतःचीच शिसारी येते, पण तेव्हा आवडलं, ते खरं आहे. ज्या बांधावर मी ओकले होते त्याच बांधावर आज खुर्चीत बसले होते.

दादाने आपलं म्हणणं मांडलं. सलग चर खणला तर ओहोटीचं पाणी त्यातून बांधाला घासत पळेल, मधे मेरा ठेवल्या तर पळणार नाही. ठेकेदार हसला. प्रत्येक मेरेपाशी मशीन उचलायचं, फिरवायचं, पुन्हा लावायचं, म्हणजे दुप्पट दिवस; हे फावड्याच्या काळातलं झालं, म्हणाला. माणसांनी माझ्याकडे पाहिलं. दादा माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "खाली उतर. चरात पायानं बघ, मंग काय ते सांग."

मी खाली पाहिलं. चरात काळं पाणी साचलं होतं, कडेला निवट्या सरपटत होत्या, एक मेलेली चिंबोरी उलटी पडली होती. वासाचा भपका नाकात गेला. साडी, चपला, हातातली बाटली. मी उतरले नाही. खुर्चीत बसल्या बसल्या मी गावाला भूगोल सांगितला.

"भरतीबरोबर गाळ येतोच," मी म्हणाले. "संचयन ही नैसर्गिक प्रक्रिया आहे. चर आपोआप भरून निघेल."

माणसांनी माना डोलावल्या. एक म्हातारे शेजारी म्हणाले, बाई बोलल्या म्हणजे तसंच असणार. मला एसटीला उशीर होईल म्हणून दादा स्वतःच मला फाट्यावर सोडायला आला. वाटेत इकडच्या तिकडच्या सगळ्या गोष्टी झाल्या, बांधाची निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मशीन अडवलं. बांधात एक लाकडी दारांचं तोंड असतं, पावसाचं पाणी ओहोटीला खाडीत सोडायला. त्याला उघाडी म्हणतात. नमुन्याचा चर संपला होता तिथून उघाडीपर्यंतचा तुकडा तेवढा खणायचा उरला होता. वहिनी त्याच्या सुरुवातीलाच दोन पावलांच्या जागेवर जाऊन उभी राहिली. "हितं नाय खनायचं," म्हणाली. "हितं सासऱ्यांनी मेर सोडलेली हाय." ड्रायव्हरने अर्धा तास तंबाखू मळत वाट पाहिली, मग कंटाळून तेवढी जागा सोडून पलीकडून उघाडीपर्यंत खणलं. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी नवऱ्याला हसत हसत सांगितलं, आमची वहिनी पोकलेनपुढे उभी राहिली म्हणून. आम्ही दोघंही खूप हसलो.

पावसाळाभर बांध उंच, रुबाबदार दिसत होता. भाद्रपदाच्या अमावास्येला उधाण आलं, वर अंबेला पूर, आणि सकाळी दादाचा फोन आला. दोनच शब्द बोलला. "खांड गेली."

बांध फुटून पडणाऱ्या भगदाडाला खांड म्हणतात. मी पोचले तेव्हा दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी ती रुंद झाली होती आणि प्रत्येक ओहोटीला दोन्ही बाजूंनी मातीचे कडे कोसळत होते. दादाचं भात नुकतं निसवायला लागलं होतं. कोवळ्या लोंब्या खाऱ्या पाण्यात उभ्या होत्या. चौथ्या दिवशी ते पिवळं पडलं, मग काळं, आणि मग सडलं. सडलेलं भात आणि खाडीचा चिखल यांचा मिळून जो वास येतो तो मी इथे लिहिणार नाही. वहिनी त्या वासात तीन दिवस कापडाने नाक बांधून वाचेल तेवढं कापत होती, गुरांना तरी होईल म्हणून. गुरांनी तोंड लावलं नाही.

मी बांधावर उभी राहून ओहोटी लागताना पाहिली. चर भरला नव्हता. चराचा ओढा झाला होता. रुंद खाडीत सुस्त उतरणारं पाणी त्या अरुंद सरळ वाटेत शिरत होतं आणि बांधाच्या पायाला घासत पळत होतं. मी दरवर्षी वहीत लिहून देते त्या वाक्यातले पहिले शब्द मी त्या दिवशी खुर्चीत गिळले होते: प्रवाहाचा वेग मंदावला की. मेरा त्यासाठीच असतात. त्या पाण्याला दर दहा पावलांवर थांबवतात, आणि थांबलेलं पाणी गाळ टाकतं. वडिलांना संचयन शब्द माहीत नव्हता, मला मेर ठाऊक असून मी ती ओळखली नाही. माझी परात, माझी धुतलेली वाळू, सगळ्याचा मला उबग आला. तरी सोमवारी मी वर्गात गेले आणि पुढचा धडा घेतला, हेही सांगायला हवं.

दादा तेव्हापासून कंत्राटी कामगार म्हणून शिफ्टला जातो. वहिनी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पांढरा हात मारायला जाते. संध्याकाळी तिचे हात कोपरापर्यंत पांढरे असतात. मला काही बोलायची सोयच तिने ठेवलेली नाही. वन्सं, चहा घ्या, म्हणते. एकदा तिने मला टाकून बोलावं असं मला फार वाटतं. ती बोलत नाही.

बांधाची माती गेली कुठे, तेही मला नंतर दिसलं. खाडी जिथे पुन्हा रुंद होते तिथे शेजारच्या गावाचा होड्यांचा धक्का आहे. एका हंगामात त्याच्यासमोर गाळाचा उंचवटा तयार झाला. ओहोटीला होड्या त्यावर बसू लागल्या. कोळणी कमरेपर्यंत चिखलातून टोपल्या डोक्यावर घेऊन येऊ लागल्या. पाण्याने इथून उचललं आणि तिथे टाकलं, माझ्या परातीत होतं तसंच. आणि तो गाळ काढायचं काम कुणाला मिळालं? त्याच ठेकेदाराला. तेच पोकलेन, फक्त पाटी नवी.

मागच्या वर्षी तो मला पेणच्या एसटी स्टँडवर भेटला. गाडी थांबवून मुद्दाम उतरला. त्याने सांगितलं, बांध फुटल्यावर चौकशीला माणसं आली तेव्हा माझं वाक्य त्याला फार उपयोगी पडलं. संचयन ही नैसर्गिक प्रक्रिया आहे, हे मॅडमनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, म्हणाला, आपण काय निसर्गाच्या पुढे आहोत? धक्क्याच्या कामाचा नारळ फोडायला येऊन दोन शब्द बोलाल का, असंही त्याने विचारलं. त्याच्या तोंडाला अत्तरी सुपारीचा वास येत होता. मला वाटलं आता इथेच ओकारी येईल. आणि मी काय केलं? हसले. माझी गाडी लागलीय, म्हणाले. नमस्कारसुद्धा केला. रोह्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर थुंकत होते, शेजारच्या बाईंना वाटलं मला गाडी लागते.

यंदा चैत्रात, भांगाच्या दिवसांत, मी गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. दादाची दुपारची शिफ्ट होती, सकाळी तो मोकळा होता. मला बांध बघायचाय म्हटल्यावर तो पुढे चालू लागला.

वहिनीच्या मेरेपासून उघाडीपर्यंतचा बांध जसाच्या तसा उभा आहे. तिथला आखूड खड्डा एका बाजूने तिच्या दोन पावलांनी आणि दुसऱ्या बाजूने उघाडीच्या दगडांनी बंद होता, तो काठोकाठ भरलाय. कुणी सांगितल्याशिवाय तिथे खणलं होतं हे कळणार नाही. मेरेच्या अलीकडे, जिथे चर सलग होता, तिथे बांध उरलेला नाही. खांडीतून आत पाहिलं तर दादाचं शेत म्हणजे चिखलाचा सपाट पट्टा, आणि त्यात गुडघाभर उंचीची तिवरं, खारफुटीची झाडं. शेकड्यांनी. हिरवीगार, ताजी, शहाण्या मुलांसारखी ओळीने उभी. दादाने शांतपणे सांगितलं, सरकारी माणसं येऊन बघून गेली. तिवरं उगवली की कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. आता खांड बांधायलाही परवानगी लागेल, आणि ती मिळेल असं कुणी म्हणत नाही.

म्हणजे शेत गेलं. इतके दिवस आम्ही दोघंही "एकदा खांड बांधली की..." असंच बोलत होतो.

"याला तुज्या पुस्तकात काय म्हनतात?" दादाने विचारलं.

"खाजण," मी म्हणाले.

"मंग तुजी ती फुली चुकीची व्हती," तो म्हणाला. त्याला ती अजून आठवत होती.

मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि वहिनीच्या मेरेपलीकडच्या खड्ड्यात पाय टाकला. गुडघ्यापर्यंत रुतले. गार, बुळबुळीत, तोच वास, अंगावर तोच काटा. कसाबसा पाय उपसला, मेर ओलांडली आणि जुन्या चरात उतरले. पाण्याखाली तळाला पाय टेकला. फरशीसारखा टणक लागला. माझ्या घरच्या फरशीवर उभी आहे असं वाटलं.

"कसं लागतंय?" दादाने वरून विचारलं.

"टणक."

मला राहवलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी, मशीनने नुसता नमुना खणला होता तेव्हा, मी उतरले असते तर मला काही कळलं असतं का? की तेव्हा सगळं मऊच होतं? तो हो म्हणेल, मऊ होतं म्हणेल, अशी मी वाट बघत होते.

"तवाच टनक लागत व्हतं," दादा म्हणाला. "मी सकाळीच बघून आलेलो. म्हनून तर तुला उतर म्हनलं."

मग तो वाकला, पाणी चढायला लागलं होतं म्हणून माझ्या चपला उचलल्या, आणि बांधावर कोरड्या जागी नेऊन ठेवल्या.